दफनभूमीतले आबा टिपरे: डबी फाटकाबाहेरच का हवी

नमस्कार,

नाशिकच्या दफनभूमीत आबा टिपरेंच्या नावाने जिओकॅश, म्हणजे जीपीएसच्या आधारे शोधायची नोंदवही असलेली लपवलेली डबी, ठेवायची कल्पना आहे. तिच्यावर तुमचे आक्षेप दोन. कुणी आपल्या माणसाला फुलं वाहायला आलेलं असताना शेजारी मालिकेतल्या आबा टिपरेंच्या नावाने शोधाशोध चालणं शोभत नाही. आणि जीपीएस चुकलं की लोक थडगी तुडवणारच.

दुसऱ्यापासून सुरुवात करतो, कारण तो पूर्ण खरा आहे. झाडांखाली मोबाइल पाच-दहा मीटर सहज चुकतो. डबी आत ठेवली तर शोधणारा तेवढ्या टापूतली प्रत्येक फट चाचपणार. म्हणून डबी आत ठेवायचीच नाही. आत फक्त आकडे वाचायचे, त्यांवरून डबीचे अक्षांश-रेखांश काढायचे, डबी फाटकाबाहेर. कोड्याच्या जिओकॅशला हे नियमातही बसतं: जाहीर केलेल्या बिंदूपासून खरी डबी ३.२ किलोमीटरपर्यंत चालते, दुसऱ्या डबीपासून मात्र १६१ मीटर लांब हवी. दफनभूमी सांभाळणाऱ्यांची आणि डबीच्या जागामालकाची परवानगी आधी घ्यायची.

आकडे मुख्य वाटेवरून न उतरता दिसतील असेच निवडायचे: फाटकावरच्या पाटीवरचं साल, पायऱ्यांची संख्या, शंभरेक वर्षांपूर्वीच्या शिळांवरची सालं. अलीकडची थडगी कोड्यात नकोतच. झिजलेल्या दगडावर ३ आणि ८ची, देवनागरीत १ आणि ९ची गल्लत ठरलेली. खडू फासू नका, तारेचा ब्रश तर मुळीच नको; दगडाचा पापुद्रा निघतो. बॅटरी बाजूने धरून आडवा उजेड टाका, कोरलेल्या रेघांत सावली पडते आणि आकडा उठून दिसतो. तरीही चूक होते, म्हणून सगळ्या अंकांची बेरीज कोड्यातच द्यावी. जुळली नाही तर माणूस तिथेच पुन्हा वाचतो.

सगळ्यात जास्त भटकंती मात्र दगडामुळे होत नाही. जिओकॅशिंगमध्ये अंश आणि दशांश मिनिटं लिहितात, मोबाइलचा नकाशा बहुधा दशांश अंश दाखवतो. २०° ००.४१५′ हे कुणी २०.००४१५ असं टाकलं की तो ३०० मीटर दक्षिणेला गेलाच. मिनिटांना ६०ने भागा: २०.००६९२. शेवटचा अंक एकाने चुकला तर नाशिकच्या अक्षांशावर उत्तर-दक्षिण १.८५ आणि पूर्व-पश्चिम १.७४ मीटरचा फरक पडतो, तेवढा खपतो. दशांश चिन्हानंतरचा पहिलाच अंक चुकला तर उत्तर-दक्षिण १८५ मीटर.

आता आबा. पात्र कुठलं, यावर बरंच अवलंबून आहे. धांदरट, आरडाओरडा करणारं पात्र असतं तर मीही नको म्हटलं असतं. ‘श्रीयुत गंगाधर टिपरे’मधले आबा अनुदिनी, म्हणजे रोजनिशी, लिहितात आणि जिओकॅशचा जीवही नोंदवहीतच असतो. पात्राचा संबंध एवढाच: आत चित्र नाही, बाहुली नाही, संवाद नाही. टिपरेंच्या घरात माणसं पाच, म्हणून आकडे पाच. डबी सापडली की वहीत तारीख टाकून दोन ओळींची अनुदिनी लिहायची. पेन्सिलने, कारण नाशिकच्या पावसात शाई पसरते. डबा पारदर्शक, चारही बाजूंनी कड्या आणि झाकणाला रबर असलेला, आत सिलिका जेलची पुडी, वर ‘जिओकॅश’ ठळक अक्षरात. काळी चिकटपट्टी गुंडाळलेली वस्तू पाहून लोक पोलिसांना बोलावतात, आणि ते बरोबरच आहे.

दफनविधी चालू असेल तर फाटकातूनच परतायचं. २ नोव्हेंबरला कुटुंबं मेणबत्त्या घेऊन येतात; त्या दिवसांत जिओकॅश तात्पुरती बंद ठेवता येते, ठेवावीच. तुमच्या घरचं कुणी तिथे विसावलं असेल आणि त्या रांगेतली शिळा कोड्यात नको वाटत असेल, तर जरूर कळवा. तो आकडा फाटकावरच्या पाटीवरून घेता येईल.