‘रन’ म्हणजे फक्त धावणं नव्हे

‘रन म्हणजे धावणे’ असं मुलांकडून घोकून घेणं आता बंद करा, अशी इंग्रजी शिकवणाऱ्या सगळ्यांना माझी कळकळीची विनंती आहे.

सहावीतल्या एका मुलीची वही परवा पाहिली. ‘हर नोज इज रनिंग’ या वाक्याखाली तिने लिहिलं होतं, ‘तिचे नाक धावत आहे’. त्यावर लाल फुली. मला त्या फुलीचा राग आला. शब्दार्थांच्या यादीत आपणच जे दिलं, तेच तिने इमानदारीने वापरलं!

ऑक्सफर्डच्या मोठ्या शब्दकोशाच्या १९८९च्या आवृत्तीत सर्वांत लांब नोंद ‘सेट’ची होती. पुढे ‘रन’ने त्याला मागे टाकलं. पीटर गिलिव्हर या कोशकारांचे नऊ महिने या एका क्रियापदात गेले आणि अर्थ निघाले ६४५. माणूस, नळ, नाक, धुताना कपड्याचा रंग, सगळं ‘रन’ होतं. यंत्रं आली तशी इंजिनंही ‘रन’ व्हायला लागली, आणि आता कॉम्प्युटरवरचे प्रोग्रॅम. निवडणुकीत अमेरिकन उमेदवार ‘रन’ करतो, ब्रिटनमधला ‘स्टँड’ करतो. आपला उमेदवारही उभाच राहतो.

हे ऐकून इंग्रजीला नावं ठेवायची असतील तर आधी आपलं ‘लागणे’ बघा. भूक लागते, ठेच लागते, नोकरी लागते, लग्न लागतं. बोअरला पाणी लागतं, दूध पातेल्याच्या बुडाला लागतं, वाटेत गाव लागतं, कुणाचं बोलणं मनाला लागतं. आणि ‘तो तुझा कोण लागतो?’ हे तर वेगळंच. यातलं काही आपण यादी करून शिकलो का? ‘आई, भूक लागली’ हे अख्खंच तोंडात बसलं. ‘भूक’ शिकलो तेव्हाच तिचं ‘लागणं’ही शिकलो.

इंग्रजीही तशीच शिकवता येते. राज्यात २००० पासून मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आहे, तरी कितीतरी वह्यांमध्ये अजून एका शब्दापुढे एकच अर्थ दिसतो. त्या जागी छोटं वाक्य लिहून घ्या. ६४५ अर्थ कुणालाच नको आहेत. नळ वाहतोय, नाक गळतंय, बाबा दुकान चालवतात, घरातली साखर संपली, ही चार वाक्यं ‘रन’ घालून इंग्रजीत बोलता आली तरी सहावीला भरपूर झालं.