वेब सायन्स ट्रस्ट नेमकं करतं काय? : एका प्रतिक्रियेला उत्तर

‘वेबची यंत्रणा संगणकशास्त्रवाले बघतात, समाज समाजशास्त्रवाले बघतात. मग या ट्रस्टने मधल्या मध्ये काय करायचं? परिषदा भरवायच्या आणि मोठी नावं मिरवायची?’ वेब सायन्स ट्रस्टविषयीच्या तुमच्या प्रतिक्रियेचा गाभा हा. (वेबची यंत्रणा आणि ती वापरणारा समाज यांचा एकत्र अभ्यास म्हणजे वेब सायन्स, आणि ट्रस्ट त्याला चालना देतं.) सोबत दोन शेपट्या आहेत: वेबच्या जनकानेच काढलेली संस्था वेबचे दोष कशाला दाखवेल, आणि सगळा डेटा कंपन्यांच्या कुलुपात असताना प्राध्यापक अभ्यास तरी कशाचा करणार? शेवटचा प्रश्न सगळ्यात जड आहे, त्याकडे सावकाश येऊ.

आधी ‘जनकाची संस्था’ हे. वेबचे जनक टिम बर्नर्स-ली संस्थापकांपैकी एक, एकटे नव्हेत. नोव्हेंबर २००६ मध्ये एमआयटी आणि साउदॅम्प्टन विद्यापीठाने मिळून वेब सायन्स रिसर्च इनिशिएटिव्ह सुरू केलं, त्यात संगणकशास्त्रज्ञ वेंडी हॉल आणि नायजेल शॅडबोल्ट, तसंच डॅनियल वाइट्झनर हेही होते. २००९ मध्ये त्याचं रूपांतर ट्रस्टमध्ये झालं. वाइट्झनर यांचा विषय इंटरनेटविषयक धोरण. यंत्रणा आणि कायदा पहिल्या दिवसापासून एका टेबलावर होते, ते असे. शिवाय ही ब्रिटनमधली धर्मादाय संस्था आहे. तिथल्या २०११ च्या कायद्यानुसार अशा संस्थेचे उद्देश केवळ धर्मादायच असावे लागतात (शिक्षणाचा प्रसार हा त्यातलाच एक), त्यातून लोकहित साधावं लागतं. विश्वस्तांनाही विश्वस्त म्हणून सहसा मोबदला घेता येत नाही. अशा संस्थांवर देखरेख ठेवणाऱ्या चॅरिटी कमिशनची नोंदवही सर्वांना खुली आहे. संस्थेचं नाव टाकलं की विश्वस्तांची नावं आणि वर्षाचा जमाखर्च दिसतो. मिरवण्यावर किती उधळपट्टी होते, हा संशय तिथेच तपासावा.

आता ‘दोघं आपापलं बघतात’ या मुद्द्याकडे. दोघं आपापलं बघतात तेव्हा काय होतं, याचं जुनं उदाहरण म्हणजे गूगल फ्लू ट्रेंड्स. लोक काय शोधतात त्यावरून फ्लूच्या साथीचा अंदाज, २००८ पासून. गणित चोख वाटत होतं. पण २०१२-१३ च्या हंगामात फ्लूसदृश तक्रारींसाठी डॉक्टरांकडे जाणाऱ्यांचं प्रमाण त्याने अमेरिकी सरकारी आकड्याच्या जवळपास दुप्पट सांगितलं. नंतरच्या विश्लेषणात दोन गोष्टींकडे बोट दाखवलं गेलं. साथीच्या बातम्या वाचून धडधाकट माणसंही ‘फ्लूची लक्षणं’ शोधतात, आणि शोधयंत्र स्वतःच सूचना दाखवून लोकांना ठरावीक शब्दांकडे नेतं. म्हणजे मोजपट्टी मोजताना बदलत होती. पहिली गोष्ट समाजशास्त्रवाल्याच्या लक्षात आली असती, दुसरी प्रोग्रामरच्या. दोघं एका खोलीत असावे लागतात, एवढंच म्हणणं आहे.

अजून जवळून बघायचं तर मेलेल्या लिंकांचा अभ्यास घ्या. काम अगदी सोपं वाटतं: हजारभर लिंका गोळा करा, उघडतात का पहा, टक्केवारी काढा. असं केलं की उत्तर हमखास चुकतं.

पहिला घोटाळा लिंका गोळा करतानाच होतो. मजकुरातून उचललेल्या पत्त्याला शेवटचा पूर्णविराम किंवा कंस चिकटून येतो आणि जिवंत पान मेलेलं ठरतं. दुसरा विचारण्यात. वेळ वाचवायला पानाऐवजी नुसतं शीर्ष (पानाविषयीची तांत्रिक माहिती) मागितलं तर काही सर्व्हर सरळ नकार देतात, म्हणून पूर्ण पानच मागावं. सर्व्हर उत्तरासोबत एक सांकेतिक आकडा पाठवतो. ४०३ आला म्हणजे पान गेलं असं नाही, तुमच्या प्रोग्रामला दारात अडवलंय. ४२९ आला तर तुम्ही फार घाईने विचारताय. उत्तरच नाही आलं तर आठवडाभरात वेगवेगळ्या वेळी निदान तीनदा विचारून मगच ‘मृत’ लिहायचं.

खरी फसगत २०० या आकड्याची. २०० म्हणजे ‘सगळं ठीक’. पण कित्येक साइट पान काढून टाकतात आणि ४०४ (‘पान सापडलं नाही’) देण्याऐवजी मुखपृष्ठ किंवा ‘क्षमस्व’चा फलक २०० सकट पुढे करतात. ते पकडायची युक्ती अशी: त्याच साइटला मुद्दाम खोटा, अस्तित्वात नसलेला पत्ता विचारायचा आणि येणारा मजकूर मूळ लिंकच्या मजकुराशी ताडून बघायचा. दोन्ही जवळजवळ सारखे असतील तर पान गेलेलं आहे. एवढं करूनही एक प्रकार निसटतो. पान आहे, पत्ता तोच, पण आतला मजकूर बदललाय. त्यासाठी वेबपानांच्या जुन्या प्रती जपणाऱ्या इंटरनेट आर्काइव्हमधली, लिंक दिली त्या तारखेच्या जवळची प्रत शोधून तुलना करावी लागते. आणि ‘लेखकाचं म्हणणं अजून तिथे आहे का’ हे यंत्राला नीट ठरवता येत नाही. म्हणून दोनेकशे लिंकांचा नमुना दोन माणसांनी एकमेकांना न विचारता वाचायचा आणि त्यांचं किती जुळतं ते मोजायचं. जुळत नसेल तर दोष बहुधा माणसांचा नसतो, ‘मृत’ची व्याख्याच ढिली असते.

हे सगळं केल्यावर काय दिसतं? २०१४ च्या एका अभ्यासानुसार हार्वर्डच्या कायदाविषयक नियतकालिकांमधल्या ७० टक्क्यांहून जास्त आणि अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालपत्रांमधल्या निम्म्या लिंकांमागे मूळ मजकूर उरला नव्हता. निकालाचा आधारच सापडत नाही, हा आता संगणकाचा प्रश्न म्हणायचा की न्यायाचा?

आता कुलुपातला डेटा. तुमचं बरचसं बरोबर आहे. ट्विटरने २०२३ मध्ये संशोधकांची फुकट वाट बंद केली आणि फेसबुकवाल्या मेटाने ऑगस्ट २०२४ मध्ये क्राउडटँगल (फेसबुक-इन्स्टाग्रामवर काय पसरतंय ते बघायचं साधन). त्याआधीची गोष्टही कौतुकाची नव्हे. डेटा जिथे फुकट, तिथेच संशोधकांची झुंबड, त्यामुळे ट्विटरविषयी जरुरीपेक्षा फार जास्त लिहिलं गेलं. पण ‘कुलूप काढून सगळं खुलं करा’ हाही उपाय नाही. ऑगस्ट २००६ मध्ये एओएल या अमेरिकी इंटरनेट कंपनीने संशोधनासाठी साडेसहा लाख वापरकर्त्यांचे तीन महिन्यांतले सुमारे दोन कोटी शोध खुले केले. नावांच्या जागी क्रमांक घातले होते. पण एका क्रमांकाखालचे सगळे शोध एकत्र वाचले की गाव, आडनाव, आजारपण असं उलगडत जातं, आणि काही दिवसांतच पत्रकार एका बाईंच्या दारात पोचले. नाव पुसलं म्हणजे माणूस पुसला जात नाही.

मधला मार्ग म्हणून ट्रस्टने वेब ऑब्झर्व्हेटरीची कल्पना पुढे रेटली. डेटा एका कोठारात ओतायचा नाही. तो ज्याच्याकडे आहे त्याच्याकडेच राहतो. कोणाकडे काय आहे आणि कोणत्या अटींवर मिळेल याची सूची, आणि विश्लेषणाची साधनं, तेवढी सामायिक. कल्पना चांगली आहे. पण मोठ्या कंपन्या आपणहून त्या सूचीत येऊन बसतील असं मानणं भोळेपणाचं. तिथे कायदाच लागतो. युरोपीय संघाच्या डिजिटल सेवा कायद्याच्या ४०व्या कलमाने महिन्याला निदान साडेचार कोटी युरोपीय वापरकर्ते असलेल्या मंचांना पारखून घेतलेल्या संशोधकांना डेटा द्यावा लागतो. संशोधक व्यापारी हितसंबंधांपासून मोकळा हवा, त्याने पैसा कुठून येतो ते सांगायला हवं, डेटा सुरक्षित ठेवता यायला हवा आणि निष्कर्ष फुकट प्रसिद्ध करायला हवेत. गंमत अशी की ट्रस्टचं घर ब्रिटनमध्ये, आणि ब्रिटन त्या संघाबाहेर.

परिषदांबद्दल थोडक्यात. पहिली २००९ मध्ये अथेन्सला झाली. ट्रस्ट पदव्या देत नाही. पदव्या देणं आणि प्रयोगशाळा चालवणं विद्यापीठांकडे. ट्रस्टचं काम त्या प्रयोगशाळांना जोडून ठेवण्याचं, आणि जोडण्याच्या कामाला कुठल्याच विभागाच्या अंदाजपत्रकात रकाना नसतो. ‘या परिषदांमध्ये इंग्रजी वेबचाच अभ्यास फार होतो’ असा आक्षेप तुम्ही घेतला असता तर मान्य करून गप्प बसावं लागलं असतं.

जाता जाता: पुराव्यादाखल तुम्ही दिलेली दुसरी लिंक २०० देते, पण उघडतं ते त्या साइटचं मुखपृष्ठ. मूळ लेखाचं शीर्षक कळवलंत तर आर्काइव्हमध्ये जुनी प्रत शोधता येईल.