सुई तीच, सोफा नवा

बाळ सहा आठवड्यांचं होत आलं आणि तुम्ही अजून त्याला लसीसाठी महापालिकेच्या दवाखान्यात नेणार आहात? झालं ते झालं. जन्मल्या जन्मल्या बीसीजी, पोलिओचा शून्य डोस आणि कावीळ ब तिथेच घेतलंत. तेव्हा तुम्हाला सुचण्याची परिस्थिती नव्हती. पण आता पाच रोगांवरच्या एकत्र लसीचा, पेंटाचा पहिला डोस समोर आहे, सोसायटीतल्या बायका विचारणार आहेत, आणि 'आम्ही दर गुरुवारी दवाखान्याच्या बाकावर असतो' असं उत्तर देऊन चालणार नाही.

तेव्हा आता खासगी दवाखाना. कारण काय सांगायचं? 'हायजीन' सांगा. या शब्दाला उलटप्रश्न येत नाही. त्यासाठी मात्र सिस्टरकडे नीट बघायचं टाळा. ती तुमच्यासमोर सिरिंजचं पाकीट फाडते. ती सिरिंज एकदा वापरली की अडकते, दुसऱ्यांदा दट्ट्या ओढताच येत नाही. मग कटरमध्ये खट् करून सुई तोडते. त्याआधी बाटली डोळ्यांजवळ नेऊन लेबलवरच्या गोलातला चौकोन बघते. तो गोलाइतका गडद झाला असेल तर लस गरम लागलीय, बाटली बाद. एवढं सगळं पाहिलंत तर हायजीनचं कारण घशातच अडकेल. म्हणून भिंतीवरच्या पानाच्या पिचकारीकडे बघत बसा. ती खरीच आहे.

दुसरं भक्कम कारण 'पेनलेस'. सरकारी पेंटात डांग्या खोकल्याचे अख्खे मेलेले जंतू असतात, त्यामुळे ताप येतो, मांडीला गाठ येते, रात्रभर मांडीवर घेऊन बसावं लागतं. खासगीतल्या पेनलेसमध्ये जंतूंचे निवडक तुकडेच, त्यामुळे त्रास कमी. पण डांग्या खोकल्यापासूनचं संरक्षणही लवकर ओसरतं, हे डॉक्टर सांगतात. विचारलंत तर. विचारू नका. आणि टोचताना बाळ तिथेही भोकाड पसरणारच आहे. सुई कुठल्याच बाजूने पेनलेस निघालेली नाही. वेदना फक्त मांडीतून खिशात सरकते. तेही एकदाच नाही, दहाव्या आणि चौदाव्या आठवड्याला पुन्हा.

न्यूमोनियावरच्या न्यूमोकोकल लसीचं कारण पूर्वी छान चालायचं. 'ती लस सरकारीत मिळतच नाही हो' म्हटलं की संपलं. 2021 मध्ये सरकारने तीही देशभर फुकट द्यायला सुरुवात करून मध्यमवर्गाचा मोठाच विश्वासघात केला. जुलाबांवरचा रोटाही तिथे मिळतो. उरल्या गालगुंड, कांजिण्या, फ्लू, टायफॉइड वगैरे. या राष्ट्रीय वेळापत्रकात खरोखरच नाहीत. पण हे मोठ्याने बोलू नका. कुणी तरी शहाणा म्हणेल, मग तेवढ्या खासगीत घ्या आणि बाकीच्या दवाखान्यात. असले अर्धेमुर्धे तोडगे काढणाऱ्या माणसाला मुलाच्या शाळेतही प्रवेश मिळणार नाही.

पुण्यात राहत असाल तर हडपसरच्या बाजूने जाताना मान दुसरीकडे वळवा. तिथल्या सिरम कंपनीची लस सरकारी थंड डब्यातही निघते आणि खासगी फ्रिजमध्येही, हा विचार एकदा डोक्यात शिरला की बिल भरताना हात कापतो.

आता नवा दवाखाना. वेळ सव्वासातची मिळते, आत नऊला सोडतात. तोवर सोफ्यावर बसा. मासे आहेत, कार्टून आहे. दवाखान्याच्या बाकावर लसीच्या दिवशी सगळी टोचून घ्यायला आलेली पोरं असतात. इथे तुमच्या शेजारी एक खोकणारा, एक शेंबडा आणि एक नुकताच ओकलेला. तुमचं दीड महिन्याचं पिल्लू त्यांच्या मधोमध. पण सोफा मऊ आहे, हे कबूल केलंच पाहिजे.

जुनं माता-बाल कार्ड घरीच राहू द्या. आम्ही तेच केलं. नव्या डॉक्टरांनी हत्तींची चित्रं असलेली सुरेख वही दिली आणि विचारलं, "आधीचं लिखित कुठंय?" कार्ड सासूबाईंनी रेशनकार्डाच्या पिशवीत ठेवलेलं. बीसीजीचं भागलं, डाव्या दंडावर व्रण होता. काविळीचा कुठे व्रण असतो? नोंद नाही म्हणजे लस नाही, असं म्हणून ते पुन्हा टोचायला निघाले होते. मी रिक्षाने घरी जाऊन पिशवी उपसली. जाऊन-येऊन एकशे ऐंशी रुपये, तेही बिलातच धरा.

एवढं झाल्यावर एकच अडचण उरते. आशाताई. तिच्या यादीत तुमच्या बाळाचं नाव आहे आणि तारीख उलटली की ती येतेच. फाटकावर वॉचमन तिला अडवतो, कोण म्हणून ॲपमध्ये टाकायचं ते त्याला कळत नाही. डिलिव्हरी, कॅब, मेड, पाहुणे. शेवटी तो 'इतर' दाबतो. तुमच्या मोबाइलवर घंटा वाजते. नाकारलंत तरी ती खालून फोन करते.

"ताई, पेंटाचा डोस राहिलाय."

"आम्ही खासगीत घेतला."

"बरं झालं. तारीख सांगा, लिहून घेते." मग जरा थांबून, "ताप आला होता का रात्री?"

हे तुम्हाला मासेवाल्या दवाखान्यातून कुणी विचारलेलं नसतं. तिथून मेसेज आलेला असतो, पुढच्या डोसचं आगाऊ बुकिंग केलं तर पाच टक्के सूट.