जरा सुधारून घेतले

काल दुपारी साडेचार वाजता खालच्या मजल्यावरच्या काकूंनी माझी काचेची बरणी परत पाठवली, आणि ती रिकामी नव्हती. शेजारणीचे भांडे रिकामे परत करू नये हा संस्कार मलाही मान्य आहे. मी स्वतः निदान दोन लाडू किंवा मूठभर साखर घातल्याखेरीज कोणाचा डबा परत करीत नाही. परंतु ज्या बरणीतून मी त्यांना माझे आंबटगोड सॅलड ड्रेसिंग दिले होते, त्याच बरणीत तेच ड्रेसिंग, दाण्याचे कूट, हिरवी मिरची आणि हिंग-जिऱ्याची फोडणी घालून माझ्याकडे परत आले, आणि बरणी घेऊन आलेल्या त्यांच्या नातवाने पाठ केलेला निरोप म्हणून दाखवला, "आजीने सांगितलंय, जरा सुधारून घेतलंय." मला 'सुधारून'चा राग आला हे खरे, पण त्याहून अधिक त्या 'जरा'चा आला.

या सगळ्याचे मूळ म्हणजे सुट्टीत घरी आलेली माझी मुलगी आणि तिने विकत आणलेली ड्रेसिंगची बोटभर उंचीची बाटली. घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने छापावी लागते, आणि त्या यादीत साखर तेलाच्याही आधी बसलेली पाहून मी म्हणाले की एवढे तर मी घरी करीन. चिंचगुळाची आमटी, पंचामृत आणि लिंबू-साखरेची कोशिंबीर ज्या घरात पिढ्यान्‌पिढ्या होत आली, त्या घराला आंबट आणि गोड एकत्र आणण्याची विद्या बाटलीतून शिकण्याची गरज नाही, असे एक लहानसे भाषणही मी केले. ते भाषण मी केले नसते तर बरे झाले असते.

पहिल्या खेपेस मी तीन भाग ऑलिव्ह तेल, एक भाग व्हिनेगर, दोन चमचे मध आणि मीठ एका बरणीत घालून हलवले. तीनास एक हे प्रमाण जुने आणि प्रतिष्ठित आहे. चूक प्रमाणात नव्हती, क्रमात होती. मीठ आणि मध तेलात विरघळत नाहीत, ते आधी आंबटात विरघळवून घ्यावे लागतात, आणि मी तर दोन्ही आधी तेलातच टाकले होते. मध बरणीच्या तळाशी जाऊन बसला आणि कितीही हलवले तरी उठेना. शिवाय कोपऱ्यावरच्या दुकानातून आणलेल्या व्हिनेगरच्या बाटलीवर बारीक अक्षरांत 'सिंथेटिक' असे लिहिलेले होते, म्हणजे ते कोणत्याही फळाच्या रसातून आंबवून आलेले नसून ॲसेटिक आम्लात पाणी घालून आलेले होते, आणि त्याचा वास नाकात थेट शाळेच्या प्रयोगशाळेसारखा शिरत होता. दुसऱ्या खेपेस मी दुसरे व्हिनेगर आणले आणि सगळे मिक्सरमध्ये घालून जोरात फिरवले. मिश्रण सुरेख एकजीव झाले आणि कडूजहर लागले. एक्स्ट्रा व्हर्जिन ऑलिव्ह तेल वेगाने घुसळले की त्यातला कडवटपणा वर येतो, हे मला मागाहून कळले. ज्या तेलाच्या किमतीत महिन्याचे शेंगतेल आले असते, त्याचा कडू काढा समोर ठेवून मी ओट्यापाशी उभी असतानाच दाराची घंटा वाजली.

दारात खालच्या मजल्यावरचे काका होते. आमच्या मोरीतली ओल त्यांच्या न्हाणीघराच्या छतावर उतरली आहे अशी त्यांची तक्रार गेले तीन आठवडे चालू आहे, आणि घरातल्या नळ-मोऱ्यांची गळती ज्याची त्यानेच स्वखर्चाने दुरुस्त करायची असते हे मला ठाऊक असल्यामुळे मी त्यांच्याशी फार नम्रपणे वागते. पुढे जे घडले ते केवळ या नम्रतेमुळे घडले. माझ्या मोरीत पाणी मुरत नसते, तर मी त्यांना दारातूनच वाटेला लावले असते.

मोरी त्यांनी दोन मिनिटे पाहिली. नंतर पाणी पिण्यासाठी ते स्वयंपाकघरात आले, आणि त्यांची दृष्टी पहिल्या खेपेच्या त्या बरणीवर पडली, जिच्यात एव्हाना तेल वर, व्हिनेगर मध्ये आणि मध तळाशी असे तीन मजले स्वच्छ वेगळे झाले होते. काका रंगाच्या कारखान्यात चौतीस वर्षे माल तपासण्याच्या खात्यात होते. त्यांनी पाण्याचा पेला खाली ठेवला, चष्मा कपाळावरून नाकावर आणला, बरणी उजेडात धरली आणि एखाद्या डॉक्टरने नातेवाइकांना बाजूला घेऊन बोलावे तशा आवाजात म्हणाले, "वहिनी, हे सेटल झालंय."

मी म्हटले, "हो, पुन्हा हलवणार आहे."

"हलवून काय होणार? पुन्हा सेटल होईल. यात इमल्सिफायर कुठंय?"

मी सांगितले की मोहरी घालायचा विचार आहे. हे मात्र खरे होते. मोहरीच्या सालीतला चिकट अंश तेलाचे बारीक थेंब एकमेकांत मिसळू देत नाही, म्हणून परदेशी पाककृतींत ड्रेसिंगमध्ये मोहरीची पेस्ट असतेच. आणि वाचता वाचता माझ्या लक्षात आले होते की भोपळ्याच्या रायत्यासाठी माझी आई जी मोहरी फेसत असे, ती दुसरे काय होती? 'फेसणे' हे क्रियापद आपल्या भाषेत अमथे आलेले नाही. मात्र लोणच्याची मोहरीची डाळ येथे फारशी उपयोगाची नाही, कारण काम करणारे साल तिच्यावर नसते. अख्खी मोहरी हवी, ती आधी नुसत्या पाण्याने वाटून दहा मिनिटे ठेवावी, म्हणजे नाकात जाणारा झणका पुरता येतो, आणि व्हिनेगर त्यानंतर घालावे, कारण आंबट आधी पडले तर मोहरी चढतच नाही.

हे सारे मी काकांना सांगू लागले होते. "मोहरी" या शब्दाशी त्यांनी मला थांबवले आणि विचारले, "नरसाळं आहे?"

नरसाळे मी दिले. पाहुण्याने मागितलेली वस्तू का हवी हे विचारू नये, विशेषतः त्याच्या छतातून आपले पाणी टपकत असेल तर. त्यांनी नरसाळ्याच्या टोकाला खालून बोट लावले, दुसऱ्या खेपेचे कडू मिश्रण त्यात काठोकाठ ओतायला मला सांगितले, मनगटावरचे घड्याळ डोळ्यांसमोर आणले, बोट काढले, आणि धार तुटेपर्यंत मोठ्याने सेकंद मोजले. रंगाच्या कारखान्यात तळाशी भोक असलेला एक ठरावीक पेला असतो, त्यातून रंग किती सेकंदांत गळतो यावरून त्याचा दाटपणा ठरतो, असे त्यांनी मला समजावले. माझे ड्रेसिंग 9 सेकंदांत गळाले. त्यातले निम्मे खालच्या वाटीत आणि निम्मे ओट्यावर गळाले.

"पातळ आहे," काका म्हणाले. "भिंतीवर थांबणार नाही."

"काका, मला ते काकडीवर घालायचंय."

"तेच. सब्स्ट्रेट, म्हणजे खालचा पृष्ठभाग, कुठलाही असो, तत्त्व एकच."

मग त्यांनी काकडीची चकती मागितली. ती त्यांनी बोटाने चाचपली, ओली आहे असा निर्णय दिला, आणि ओल्या पृष्ठभागावर तेलकट थर धरत नाही, तो आधी कोरडा करावा लागतो, हे सांगताना त्यांनी डोळे वर छताकडे नेले आणि मग सावकाश माझ्या मोरीकडे वळवले. हे बोलणे काकडीला उद्देशून होते की मला, हे मी आजवर ठरवू शकलेले नाही. दुर्दैवाने ते बरोबरही होते. पाने धुऊन तशीच निथळत ठेवून वर ड्रेसिंग घातले तर ते पानावर न राहता ताटाच्या तळाशी पाण्यात जाते, आणि काकडीला मीठ लावून ठेवले की ती स्वतःच पाणी सोडून त्यात भर घालते. म्हणून तर आपल्याकडे कोशिंबिरीची काकडी चोचवून पिळून घेतात. मी चकत्या फडक्यावर पसरल्या. माझ्या ओट्यापाशी, माझ्या फडक्यावर, एका परपुरुषाच्या देखरेखीखाली मी काकड्या टिपल्या.

तिसरी खेप मी त्यांच्यासमोर केली. अर्धा कप साधे सूर्यफुलाचे तेल, पाव कप व्हिनेगर, दोन मोठे चमचे मध, चमचाभर फेसलेली मोहरी, मीठ आणि मिरपूड. आंबटगोड चव हवी असेल तर तीनास एक सोडून दोनास एकवर यावे लागते, नाहीतर तेल बाकी सगळ्याला झोपवते. मीठ, मध आणि मोहरी व्हिनेगरमध्ये मिसळून घेतली आणि तेल थेंबाथेंबाने घालीत फेटत राहिले. हात भरून आला तेव्हा मी थांबले, तर काका म्हणाले, "शिअर कमी पडतोय," म्हणजे घुसळण्याचा जोर. मी पुन्हा फेटू लागले. काकांनी कशालाही हात लावला नाही, कारण तपासणाऱ्याने उत्पादनात भाग घ्यायचा नसतो.

या वेळी नरसाळ्यातून धार तुटायला 31 सेकंद लागले. काकांनी एक चमचा स्टीलच्या ताटलीच्या पाठीवर सारवला, ताटली उभी धरली, ओघळ किती खाली येतो ते पाहिले, आणि मान हलवली. मग त्यांनी विचारले की याला स्टँडर्ड कुठले लावायचे. मी त्यांना गप्प करण्याच्या हेतूने सांगितले की अमेरिकेत फ्रेंच ड्रेसिंग या नावाची 1950 पासून सरकारी व्याख्या होती, त्यात निदान 35 टक्के वनस्पती तेल असावे लागे, आणि 2022 मध्ये ती व्याख्याच सरकारने रद्द केली. काकांचा चेहरा पडला. ते खुर्चीवर बसले आणि बऱ्याच वेळाने म्हणाले, "मग माल रिजेक्ट करायचा कशावर?" त्यांच्या आयुष्यात मी पाहिलेले हे पहिले खरे दुःख होते, आणि मला त्यांची दया आली, म्हणून मी चहाचे विचारले.

"साखर किती घालू?"

काका विचारात पडले. मग त्यांनी खिशातून फोन काढला, खालच्या मजल्यावर लावला आणि म्हणाले, "अगं, मी चहात साखर किती घेतो?"

येथे मला हसू यायला हवे होते, आणि ही गोष्ट मी सांगते तेव्हा ऐकणारे येथे हसतातही. पण मला त्या क्षणी हसू आले नाही. अठ्ठावीस वर्षे मी या ओट्यापाशी कोशिंबिरी केल्या, लिंबू किती, साखर किती, दाण्याचे कूट किती, हे सगळे हाताने आणि नजरेने. एकाही माणसाने कधी घड्याळ काढून त्या मोजल्या नाहीत, की त्यांचे तत्त्व मला समजावले नाही. त्याच आंबटगोडाला इंग्रजी नाव पडले आणि ते बरणीत गेले, की तो लगेच तंत्राचा विषय होतो आणि तपासायला माणूस येतो. जो तपासतो त्याला स्वतःच्या चहातली साखर ठाऊक नसते, आणि जिला ती ठाऊक असते तिला कोणी विचारलेले नसते. फोनवरून दीड चमचा असे उत्तर मात्र तत्काळ आले. मोरीची फरशी उखडायचा खर्च मला करायचा आहे, तो मी करीन. पण ओघळ तपासून घेणे हे सोसायटीच्या कोणत्याही उपविधीत बसत नाही.

चहा झाल्यावर काकांनी उरलेले ड्रेसिंग 'निरीक्षणासाठी' मागून घेतले. चोवीस तास सेटल झाले नाही तर पास, असे ते म्हणाले. मी बरणी भरून दिली, मुलीसाठी वाटीभर उरले, आणि तिने ते खाऊन "बाटलीतल्यासारखं नाहीये, पण ओके" असे प्रमाणपत्र दिले.

निरीक्षण पूर्ण व्हायच्या आत ते काकूंच्या हाती लागले असावे. चाळीसेक वर्षे ज्या बाईच्या स्वयंपाकघरात अशी तपासणी होत आली असेल, तिच्या हाती कोणी दुसऱ्या बाईचा 'पास' झालेला माल आणून दिला, तर ती त्यात फोडणी घालणारच, हे मला समजते. समजून राग कमी होत नाही, एवढेच. आणि ते चविष्ट झाले आहे, हे तर मुळीच सांगण्यासारखे नाही. मोहरीचा झणका कुटाने मऊ झाला आहे, मिरचीने मधाचा गुळमटपणा मोडला आहे, आणि हिंग तर जणू मुळातच तेथे असायला हवे होते. माझ्या मुलीने काल रात्री त्यात पोळी बुडवून खाल्ली आणि "आई, हे आधी का नाही केलंस?" असे विचारले.

बरणीच्या पोटावर एक पांढरा कागद चिकटवलेला होता. त्यावर काकांच्या वळणदार अक्षरात 'हलवून वापरणे', खाली तारीख, आणि 'बॅच 3' असे लिहून त्यातले 3 खोडून 4 केलेले होते. कागद नखाने निघाला, डिंक मात्र काचेला धरून बसला. साबण लावला, गरम पाणी लावले, काथ्याने घासले, काही केल्या हलेना. शेवटी मी कपाटातून दुसऱ्या खेपेचे ते उरलेले कडू, महागडे मिश्रण काढले, त्यात कापडाचा बोळा बुडवला आणि बरणीवरून फिरवला. दोन मिनिटांत डिंक सुटला. बरणी आता स्वच्छ आहे. गुरुवारी प्लंबर येणार आहे, आणि त्याच्यासोबत काकाही येणार आहेत; नरसाळे मी आज सकाळीच माळ्यावर टाकले आहे.