पोर हाताबाहेर जाण्याआधी

तुमचं मूल चार-पाच वर्षांचं असेल तर घाबरू नका, अजून काही बिघडलेलं नाही. मोठी माणसं सांगतात ते बरोबर आणि धपाटा बसला म्हणजे आपलं चुकलं, एवढीच त्याची नीती असते. ज्याँ पियाजे या स्विस मानसशास्त्रज्ञाने मुलांना दोन गोष्टी सांगितल्या होत्या. एका पोराने दार ढकललं, दारामागे ट्रे आहे हे त्याला ठाऊकही नव्हतं, 15 कप फुटले. दुसरा, आई घरात नाही असं बघून फडताळातला जॅम काढायला चढला आणि त्याच्या हातून एक कप फुटला. जास्त वाईट कोण? बरीचशी लहान मुलं म्हणाली, 15 कपवाला. हेतूबितू काही नाही, नग मोजायचे. हाच हिशेब घरात चालू ठेवा. चुकून मोबाइल पाडला तर दोन धपाटे. मुद्दाम बहिणीचं चित्र फाडलं तर ‘असं करू नये हं राजा’. कागद काय, दहा रुपयांना मिळतो.

नऊ-दहा वर्षांचं झालं की मात्र पोर म्हणू लागतं, ‘पण मी मुद्दाम नाही केलं!’ हे वाक्य कानावर आलं की सावध व्हा. ‘उलट बोलतोस?’ हे उत्तर जिभेवर तयार असू द्या.

ही कीड लागते कुठून, तेही पियाजेने शोधून ठेवलंय. पोरांचा गोट्यांचा खेळ बघत, त्यांना नियम विचारत हा माणूस बसायचा. त्याचं पुस्तक 1932 सालचं. लहानांना वाटायचं, नियम देवाने नाहीतर वडिलांनी केलेत, त्यांना हात लावायचा नाही. मोठी पोरं म्हणायची, सगळ्यांना पटलं तर बदलू की! म्हणजे मोठ्यांच्या गैरहजेरीत, भांडता भांडता, ती न्याय शिकत होती. आपल्याकडचं कच्चं लिंबू आठवा. धाकट्या भावंडाला खेळायला तर घ्यायचं, पण त्याच्यावर राज्य येऊ द्यायचं नाही. तो आउट झाला तरी आउट नाही. कुठल्या सरांनी शिकवलं हे? रडीचा डाव कुठला आणि खरोखर लागलं म्हणून घेतलेली टाइमप्लीज कुठली, हे आठ वर्षांचं पोर बरोबर ओळखतं. अशी पोरं उद्या घरातल्या गोष्टींवरही मतं देणार. म्हणून खेळाला क्लास लावा. सर शिट्टी वाजवतील, सर आउट देतील, सर भांडण मिटवतील. सोसायटीत ‘येथे खेळण्यास सक्त मनाई आहे’ ही पाटी असेलच. नसेल तर पुढच्या सभेत विषय घ्या.

पुढचं काम अमेरिकेतल्या लॉरेन्स कोलबर्ग या मानसशास्त्रज्ञाने सोपं केलंय. 1958 सालच्या प्रबंधासाठी त्याने शिकागो भागातल्या 72 मुलांशी बोलून नीतीच्या पायऱ्या मांडल्या, पुढे त्या सहा ठरल्या. (72 च्या 72 मुलगे. मुलींचं काय, हे कॅरल गिलिगन या मानसशास्त्रज्ञ बाईंनी 1982 मध्ये विचारलं. आपल्याकडे मुलींचा प्रश्न ‘तू मोठी ना, देऊन टाक त्याला’ एवढ्यात मिटतो.) पहिली पायरी शिक्षेची भीती: पोलीसकाका, बागुलबुवा, बाप्पा बघतोय. दुसरी देवाणघेवाणीची, आणि इथे आपला हात कोणी धरणार नाही. गृहपाठाला वीस मिनिटं मोबाइल, आजीला नमस्कार केला की चॉकलेट, पेपर सोपा गेला तर गणपतीला 11 रुपये. तिसरी, चारचौघांत चांगलं दिसण्याची. पाहुणे आले की श्लोक म्हणायला लावा, झालं.

चौथी जरा नाजूक, कायद्याची. इथे पोर कायदा खरा मानून बसतं. ‘बाबा, सिग्नल लाल आहे.’ त्याला प्रेमाने समजवा, ‘मामा नाहीत ना आज!’ एसटीत अर्धं तिकीट 12 वर्षांपर्यंत, हे त्याला पाठ असतं. ‘विचारलं तर अकरा सांग’ हे स्टँडवरच पढवून ठेवा, आणि मेणबत्तीचा 13 आकडा दिसणारा डीपी तेवढा उतरवा.

कोलबर्गचा गाजलेला पेच असा: हाइन्झची बायको मरणाच्या दारात आहे. औषध करायला 200 डॉलर लागतात, औषधवाला मागतो 2000, हाइन्झकडे जमले 1000. उरलेले नंतर देतो म्हटलं तरी तो ऐकत नाही. हाइन्झने चोरी करावी का? कोलबर्गला हो-नाहीशी कर्तव्य नव्हतं, त्यामागचं कारण हवं होतं. तुमच्या मुलाने विचारलं तर सांगा, ‘आधी त्या औषधवाल्याकडे कुणाची ओळख निघते का बघ.’ या उत्तराला सहांपैकी एकही पायरी पुरायची नाही. सहावीवर, म्हणजे कायद्यापलीकडे स्वतःच्या तत्त्वाने चालायच्या पायरीवर, तर कोलबर्गला इतकी कमी माणसं सापडली की पुढे ती मोजणीतूनच काढली. तेव्हा तिथे आपलंच पोर पोचेल ही धास्ती नको.

परवा संध्याकाळी आमच्या पार्किंगमध्ये लपाछपी चालली होती. वॉचमनचा धाकटा कोपऱ्यात उभा राहून बघत होता. चौथीतली एक मुलगी म्हणाली, ‘ए, याला कच्चं लिंबू घेऊया.’ आमच्या चिरंजीवांनी लगेच मान डोलावली. मी गॅलरीतून हाक मारली, ‘वर ये आधी, अबॅकसला उशीर होतोय!’