नव्वद टक्के झालंय, मॅडम

"कितपत आलंय?" असं विचारलं की फायनल इयरचा प्रोजेक्ट ग्रुप एकच उत्तर देतो : "नव्वद टक्के झालंय, मॅडम." विषय मंजूर होऊन आठवडा झालेला असो, नाहीतर सबमिशन आठवड्यावर आलेलं असो, आकडा जागचा हलत नाही. गाइड म्हणून चौदा वर्षं काढली. एकोणनव्वद कुणी म्हणालं नाही, एक्क्याण्णवही नाही.

उरलेल्या दहा टक्क्यांत काय आहे, हे विचारायचं नसतं. मी नवीन असताना एकदा विचारलं होतं. "काही नाही मॅडम, फक्त डेटाबेस जोडायचाय. आणि लॉगिन. आणि मागचं लॉजिक." मग झालं काय होतं? लोगो. पण लोगो खरंच सुरेख होता, माउस नेला की फिरायचासुद्धा.

बेल लॅब्जच्या टॉम कारगिलचा एक नियम १९८५ मध्ये छापून आला होता : पहिल्या नव्वद टक्के कोडला नव्वद टक्के वेळ लागतो आणि उरलेल्या दहा टक्के कोडला उरलेला नव्वद टक्के वेळ. बेरीज एकशे ऐंशी होते. वाचून लोक हसतात. मी हा नियम वेळापत्रक म्हणून वापरते.

यंदा माझ्या वाट्याला चेहरा ओळखून हजेरी लावणारी सिस्टिम आली. ती दरवर्षी येते, फक्त पोरं बदलतात. ग्रुप चौघांचा. पहिला कोड लिहितो. दुसरी पीपीटी करते आणि ग्रुपच्या वतीने बोलते. ती पुढे नक्की मोठी मॅनेजर होणार, कारण न झालेलं काम झाल्यासारखं सांगताना तिचा आवाज कणभरही हलत नाही. तिसरा रिपोर्टचे समास आखतो. चौथ्याकडे टेस्टिंग. चौथा कधी दिसत नाही. विचारलं की तिघं एका सुरात सांगतात, "तो टेस्टिंग करतोय, मॅडम." टेस्ट करायला अजून काही तयार नव्हतं तेव्हाही करत होता.

दर आठवड्याला गाइडला भेटायचं असा नियम आहे. त्या भेटीत मी गिटचा लॉग उघडायला लावते. गिट म्हणजे कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारी वहीच. लिनक्सवाल्या लिनस टॉरवल्ड्सने एप्रिल २००५ मध्ये गिट लिहायला घेतलं, तेव्हा काही दिवसांतच गिटचा स्वतःचा कोड गिटमध्ये ठेवला जात होता. माझ्या ग्रुपचा अख्ख्या सत्राचा इतिहास तीन कमिटचा, म्हणजे तीन नोंदींचा होता. पहिल्याचा संदेश 'सुरुवात', दुसऱ्याचा 'दुरुस्ती' आणि तिसरा, पहाटे ३ वाजून ४७ मिनिटांनी टाकलेला, 'आता तरी चाल'. तिसरा वाचून मला पोटातून माया दाटून आली. बाकीचं सगळं पेन ड्राइव्हवर होतं : 'फायनल', 'फायनल नवीन', 'फायनल नवीन खरं' आणि 'हे उघडू नका'. चालणारा कोड अर्थातच 'हे उघडू नका'मध्ये.

(प्रोजेक्टांचे गुण नोंदवायला मीही एक छोटी सिस्टिम लिहायला घेतली होती, सहा वर्षांपूर्वी. नव्वद टक्के झालीय.)

शेवटच्या महिन्यात घाबरून त्यांनी दुसऱ्या ग्रुपमधला एक हुशार मित्र मदतीला आणला. उशीर झालेल्या प्रोजेक्टवर माणसं वाढवली की आणखी उशीर होतो, हे फ्रेड ब्रुक्सने १९७५ मध्ये लिहून ठेवलंय आणि मी दरवर्षी वर्गात शिकवते. पोरं ते परीक्षेत पाच गुणांसाठी लिहितात आणि तिथेच विसरतात. मित्राने तीन दिवस कोड समजून घेतला. म्हणजे कोड लिहिणाऱ्या एकुलत्या एकाचे तीन दिवस समजावण्यात गेले. चौथ्या दिवशी मित्र म्हणाला, "हे सगळं दुसऱ्या भाषेत नव्याने लिहू या." पाचव्या दिवशी तो आपल्या ग्रुपकडे परतला. तिथलंही नव्वद टक्के झालं होतं.

रिपोर्टबद्दल थोडक्यात. वॉटरफॉलचं, म्हणजे एक टप्पा संपवून पुढच्यावर उतरायच्या पद्धतीचं, ते जिन्यासारखं चित्र प्रत्येक रिपोर्टात असतं. विन्स्टन रॉइसने १९७० च्या लेखात ते काढलं आणि लगेच बजावलं की असं करणं धोक्याचं आहे, फसण्याला आमंत्रण आहे. पण कॉपी चित्रापाशीच थांबते. आमच्या तिसऱ्याने चित्राखाली लिहिलं होतं, 'आम्ही हीच पद्धत वापरली.' आयुष्यात प्रथमच रिपोर्टातलं एक वाक्य मला शंभर टक्के पटलं.

खरी गंमत अचूकतेच्या आकड्याची. "नव्व्याण्णव पॉइंट दोन टक्के, मॅडम!" दुसरीने जाहीर केलं. मी विचारलं, फोटो कुठून आणले? तर एका संध्याकाळी, एकाच खोलीत, प्रत्येकाचा व्हिडिओ काढला आणि त्यातून दोनशे-दोनशे फोटो कापले. काही सिस्टिमला शिकवायला वापरले, काही तिला तपासायला. एकाच व्हिडिओतले लागोपाठचे फोटो म्हणजे जवळजवळ एकच फोटो. आधी उत्तरं वाटायची, मग त्याच प्रश्नांची परीक्षा घ्यायची आणि निकाल लागला की पेढे मागायचे, त्यातला प्रकार.

"आणि चौथ्याचा व्हिडिओ? तो आला होता?"

शांतता. मग पहिला हळूच म्हणाला, "तो टेस्टिंगमध्ये होता. त्याच्या आयकार्डवरचा फोटो घेतला. तोच थोडा फिरवून, थोडा धूसर करून, उजेड कमीजास्त करून दोनशे केले." ही युक्ती खरी आहे, शास्त्रात तिला मान्यता आहे. फक्त एकाच फोटोवर सगळा संसार उभा करू नये, एवढंच.

मी आणखी एक विचारलं. हे मॉडेल समोरच्या चेहऱ्याचे शंभर टक्के चार नावांत वाटतं. 'यातलं कुणीच नाही' अशी पाचवी पेटी तुम्ही ठेवलेलीच नाही. मग अनोळखी माणूस समोर आला तर?

"ते फ्यूचर स्कोपमध्ये टाकलंय, मॅडम," दुसरी म्हणाली. आवाज हलला नाही.

व्हायवाच्या दिवशी चौघंही हजर होती. चौथ्याला मी तेव्हा पहिल्यांदा जवळून पाहिलं. सरळ, नम्र मुलगा, भिंतीला टेकून उभा. प्रोजेक्टर लागला, केबल निघाली, पुन्हा लागली. पहिल्याच्या लॅपटॉपवर काल रात्री चालणारी कोडची लायब्ररी सकाळी अपडेट होऊन बसली होती. ती मागे आणण्यात वीस मिनिटं गेली. तेवढ्या वेळात दुसरीने 'प्रस्तावना' ही एकच स्लाइड तीनदा समजावून सांगितली, तिन्ही वेळा वेगळी.

शेवटी कॅमेरा सुरू झाला. पहिला समोर उभा राहिला, हिरवी चौकट, नाव बरोबर. दुसरी, बरोबर. तिसरा, बरोबर. माझा जीव भांड्यात पडला. तेवढ्यात एक्स्टर्नल, म्हणजे बाहेरून आलेले परीक्षक, उठले. पन्नाशीचे, जाड काड्यांचा चष्मा, वर टक्कल. "मी उभा राहू का?" म्हणाले, आणि आम्ही कुणी काही म्हणायच्या आत उभे राहिलेसुद्धा.

आयकार्डवरच्या फोटोत चौथ्याने चष्मा घातलेला आहे, हे मला त्या क्षणी आठवलं.

हिरवी चौकट सरांच्या चेहऱ्यावर स्थिरावली. खाली चौथ्याचं पूर्ण नाव, रोल नंबर, खात्री ९७ टक्के, हजेरी लागली. वर्षभरातली त्याची पहिली.

सरांनी चष्मा काढून पडद्याकडे पाहिलं, पुन्हा घातला आणि विचारलं, "हा कोण?"

भिंतीपासून एक हात वर झाला. "मी, सर. टेस्टिंग माझ्याकडे होतं."