बोअरच्या केबलला सोल्डर नको
रब्बीची पाणीपाळी सुरू झाली की आमच्या गेवराईकडच्या शेतकरी गटांवर तोच मेसेज पुन्हा येतो: "मोटारीच्या केबलचा जोड सोल्डरनेच करा. तो कधी तुटत नाही, करंट चांगला वाहतो. दाबून बसवलेल्या तांब्याच्या स्लीव्हमध्ये पाणी शिरतं." पहिल्या दोन गोष्टी चूक आहेत आणि तिसरी अर्धवट आहे.

तुटत नाही? सोल्डर म्हणजे तारा जोडायला वितळवून लावतात तो मऊ धातू. तो वितळला की तारांच्या बारीक पाकळ्यांत झिरपतो आणि तेवढा भाग सळईसारखा ताठ होतो. मोटार सुरू होताना झटका देते, केबल हलते, आणि जिथं ताठ भाग संपतो तिथंच पाकळ्या एकेक करून तुटतात. आमची मोटार अशीच गेली. पाईप वर काढले तर जोड जसाच्या तसा, पण त्याच्या काठाशी एक फेज, म्हणजे वीज आणणाऱ्या तीन तारांपैकी एक, तुटलेला. उरलेल्या दोन फेजवर मोटार घरघरत राहिली आणि वायंडिंग (मोटारीतलं तारेचं वेटोळं) जळालं. जोड मात्र शेवटपर्यंत मजबूतच दिसत होता!

करंटचं म्हणाल तर कथिल-शिशाचं नेहमीचं सोल्डर तांब्याच्या जेमतेम ११-१२ टक्के वीज वाहून नेतं. ते १८३ अंशांनाच मऊ पडू लागतं, तांबं वितळायला १०८५ अंश लागतात. थेट स्टार्टरवरची मोटार सुरू होताना चालू करंटच्या सहापट ओढते, तेव्हा कच्चा जोड तापणारच. आणि बांधावर लाईट नसताना सोल्डरिंगचं आयर्न तापवणार कशावर?

पाणी स्लीव्ह अडवत नाही हे खरं, पण सोल्डरही अडवत नाही. पाणी अडवतं ते वरचं आवरण. प्रत्येक तारेवर आतून गोंद असलेली हीट श्रिंक नळी (तापवली की आवळून घट्ट बसणारी), मग तिन्हींवर मिळून एक मोठी. तीन जोड एकाच रेषेत न ठेवता चार-चार बोटं पुढं-मागं घ्यावेत. उलट सोल्डरचा फ्लक्स (सोल्डर नीट चिकटावं म्हणून लावतात ती पेस्ट) नीट पुसला नाही तर तांबं हिरवं पडून कुजतं.

पक्कडीने चेपलेली स्लीव्ह मात्र सोल्डरपेक्षाही वाईट. केबलच्या मापाची स्लीव्ह आणि त्याच मापाचं क्रिम्पिंग टूल, म्हणजे स्लीव्ह दाबायचं हत्यार, हवं. दाबल्यावर दोन्ही हातांनी जोर लावून ओढून बघा, सरकली तर कापून नवी लावा. खांबावरून आलेली ॲल्युमिनियमची वायर असेल तर तिला साधं सोल्डर चिकटतच नाही, आणि तांब्याच्या स्लीव्हमध्येही ती घालू नका. दोन धातूंसाठीची वेगळी स्लीव्ह मिळते. टूल महाग वाटत असेल तर शिवारातल्या चौघांनी मिळून एक घ्यावं.